रक्त येतं, पण दुखत नाही

ब्रश करताना थुंकीत लालसर रेघ दिसते, चूळ भरली की जाते आणि दुखत नसल्यामुळे दुपारपर्यंत विसरलीही जाते. पायरियाची सुरुवात बहुधा अशीच होते. दातांवरच्या किटणातले जिवाणू हिरडी खातात, असा समज आहे. खरं तर जिवाणू कुरापत काढतात. मोडतोड मुख्यतः आपल्याच पेशी करतात. निरोगी हिरडीतूनही पांढऱ्या पेशी सतत दाताच्या कडेला पहाऱ्यासाठी येत असतात. किटण साचून राहिलं की रक्तवाहिन्या फुगतात आणि या पेशींची गर्दी होते. दाताला चिकटलेला हिरडीचा पातळ पदर सुटू लागतो, त्याला बारीक जखमा होतात. म्हणून ब्रश नुसता लागला तरी रक्त येतं. त्याखाली तंतुपेशी असतात. एरवी त्या कोलॅजनचे जुने धागे काढून नवे विणतात. दाह लांबला की धागे तोडणारी विकरं वाढतात आणि विणण्यापेक्षा उसवणंच जास्त होतं. पुढे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी तिथे ठाण मांडतात, आणि शेवटी हाड झिजवणाऱ्या पेशींना चेव येतो. दात हलतो तो त्यानंतर.

यावर कोणी म्हणेल, मग किटण काढून काय उपयोग? याचं उत्तर दंतसंशोधक हाराल्ड ल्यो यांनी डेन्मार्कमध्ये केलेल्या आणि 1965 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहे. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांनी दात घासणं थांबवलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू होताच साधारण आठवड्याभरात सूज उतरली. म्हणजे ठिणगी किटणाचीच. पण आग किती पसरेल, हे शरीरावर ठरतं. श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या 480 कामगारांची ल्यो यांनी 15 वर्षं पाहणी केली. दातांची निगा जवळपास कोणीच राखत नव्हतं. तरी सुमारे 8 टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, 81 टक्क्यांचा हळूहळू, आणि 11 टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. अनियंत्रित मधुमेह आणि तंबाखू हे पारडं आजाराकडे झुकवतात. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून तर रक्तही कमी येतं. धोक्याची खूणच झाकली जाते.

दंतवैद्याकडे दात साफ करून घेतले की ते हलू लागतात, ही दुसरी शंका घरोघरी ऐकू येते. पण ज्या दाताचं हाड आधीच झिजलं आहे, त्याला कडक किटणाने दोन्ही बाजूंनी जखडलेलं असतं. ते निघालं की आधीचं नुकसान उघडं पडतं, नवं होत नाही. सुजलेली हिरडी पूर्ववत होते, झिजलेलं हाड मात्र सहसा आपणहून भरून येत नाही. रक्त दिसलं म्हणून ब्रश बाजूला ठेवणारा माणूस हिरडी सावरण्याची नेमकी हीच वेळ हातची घालवतो. परतीची वाट तेव्हा उघडी असते, आणि दुखत नाही म्हणूनच ती चुकते.