हवाई बंदुकीच्या छर्‍यांची परीक्षा

बीडसारख्या ठिकाणी एखाद्या कुटुंबाने मुलीसाठी नवी हवाई बंदूक घ्यावी आणि नेम वारंवार चुकू लागावा, म्हणजे दोष प्रथम तिच्या हाताला दिला जातो. तो नेहमीच न्याय्य नसतो. बंदुकीच्या नळीत मळसूत्री खाचा असतात. मऊ शिशाचा छर्रा त्यांत घट्ट बसून स्वतःभोवती फिरत बाहेर पडतो. नळीचे माप ४.५ मिलिमीटर म्हटले, तरी छर्‍यांची डोकी ४.४९ पासून ४.५२ पर्यंत असतात आणि एकाच कारखान्यातील दोन नळ्यांनाही निरनिराळे छर्रे मानवतात.

यास्तव बंदूक वाळूच्या पिशवीवर स्थिर टेकवावी, १० मीटरांवर भक्कम आडोशापुढे कागद लावावा आणि प्रत्येक जातीचे पाच-पाच छर्रे एकाच बिंदूवर झाडावेत. भोके मध्यावर पडली की नाही हे न पाहता, ती परस्परांच्या किती जवळ पडली हे पाहावे. मध्य साधणे स्क्रू फिरवून होते. विखुरलेली भोके त्याने जवळ येत नाहीत. निकाल एका फेरीवर ठरवू नये.

स्पर्धेतील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर रुंद असतो. २०२२ साली कैरो येथे ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील जगज्जेते झाले, ते याच ठिपक्यावर. तेव्हा मुलीला बोल लावण्यापूर्वी छर्‍याची परीक्षा व्हावी, हेच उचित होय.