आधी कोबा दाखवा

गॅरेजमालकाचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "इपॉक्सी कुठल्या कंपनीचं मारता?" भोसरी-चाकणच्या शेडमधून जमिनींचीच कामं करत आलोय, म्हणून मी म्हणतो, आधी कोबा दाखवा. सुटलेल्या कोटिंगचा तुकडा उलटा करून बघा. बहुतेक वेळा त्याला सिमेंटची पांढुरकी पूड चिकटलेली असते. इपॉक्सीची पकड शाबूत असते, खालचा कोबाच सुटलेला असतो.

कोबा घोटताना सिमेंटचं पाणी वर येतं आणि वाळून त्याचा कच्चा पापुद्रा बनतो. मालकाला आवडणारी गुळगुळीत जमीन ती हीच. डायमंड ग्राइंडरनं हा पापुद्रा काढून जमीन सँडपेपरसारखी खरखरीत करायची आणि धूळ व्हॅक्यूमनं ओढायची. झाडूनं ती छिद्रांत जाऊन बसते. काही जण ॲसिडनं धुतात. बंद गॅरेजात त्याच्या वाफा छातीत जातात, शिवाय कोबा पुन्हा पाणी पितो. मी ते करत नाही.

तेल हे गॅरेजचं खरं दुखणं. इंजिन ऑइल वर्षानुवर्षं मुरलेलं असतं आणि त्यावर ॲसिडही चालत नाही. डीग्रीजर, गरम पाणी, ताठ ब्रश, आणि पुन्हा तेच. मग पाण्याचे थेंब टाकून बघायचं. मुरले तर ठीक, तसेच वर राहिले तर तेल अजून आत आहे. फारच खोल गेलं असेल तर तेवढा भाग फोडून नव्यानं भरावा आणि त्याला 28 दिवस द्यावेत.

ओल मात्र डोळ्यांना दिसत नाही. जुन्या गॅरेजात दगडांच्या सोलिंगवर थेट पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, टाकलेलं असतं, मध्ये प्लॅस्टिक नसतं. जमिनीतली ओल वर चढते आणि कोटिंगला फोड आणते. दीड फुटी चौकोनी प्लॅस्टिक चारी कडांनी टेपनं बंद करून निदान 16 तास ठेवा. खाली घाम दिसला किंवा कोबा काळपट पडला तर थांबा. पावसाळ्यात हे काम काढूच नये. दिवाळीनंतरचे कोरडे महिने उत्तम.

प्रायमर दुपार कलल्यावर मारावा. सकाळी ऊन चढतं तसा कोबा तापतो, छिद्रांतली हवा फुगून वर येते आणि कोटिंगला टाचणीएवढी भोकं पडतात. रेझिन आणि हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच, मोजून घ्यावेत. कालवलेला माल बादलीत ठेवला तर तापून घट्ट होतो, म्हणून लगेच जमिनीवर ओतायचा.

दुसऱ्या दिवशी कोटिंगवरून चालता येतं. गाडी मात्र साधारण आठवड्यानं आणावी, नाहीतर गरम टायर कच्चं कोटिंग उचलतो.

कोटेशन घेताना ग्राइंडिंग, तेल काढणं आणि ओलीची तपासणी या तिन्ही बाबी वेगळ्या लिहून मागा. नुसता 'इपॉक्सी, चौरस फुटाला इतके' असा एकच आकडा आला, तर ते काम देऊ नका.