एकाच पत्त्यावर दोन कार्डे

संगणक सुरळीत सुरू होतो, नव्याने बसविलेल्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर कार्यान्वित होऊ लागतो आणि नेमक्या त्याच क्षणी संगणक हँग होतो. कार्ड काढले की सारे पूर्ववत! अशा वेळी कार्डच नादुरुस्त ठरवले जाते. मात्र आयएसए स्लॉट असलेल्या जुन्या संगणकांत दोष पुष्कळदा कार्डाचा नसून पत्त्याचा असतो. जुन्या यंत्रांना जोडलेल्या अशा संगणकासाठी नवे कार्ड मिळणे दुरापास्त असल्याने हा फरक ओळखणे महत्त्वाचे ठरते.

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीतील ८०८८ प्रोसेसर केवळ १ मेगाबाइट मेमरीपर्यंत पोहोचू शकत असे. त्यातील पहिले ६४० केबी प्रोग्रॅमसाठी, तर उरलेले ३८४ केबी कार्डे व बायॉससाठी राखीव होते. पुढील प्रोसेसरची क्षमता वाढली, तरी डॉसखातर ही वाटणी कायम राहिली. या भागात ए००० पासून डिस्प्लेची मेमरी, सी००० पासून व्हीजीए कार्डाचा ३२ केबी रॉम आणि एफ००० पासून मदरबोर्डचा बायॉस असतो. (हे पत्ते हेक्साडेसिमल पद्धतीचे असून त्यांत नवानंतर ए ते एफ ही अक्षरे येतात.) मधल्या जागेत स्कझी, नेटवर्क आदी कार्डांना दाटीवाटीने राहावे लागते.

दोन कार्डांवरील जंपर एकाच पत्त्यावर असतील, तर संघर्ष उघडच आहे. फसवा प्रकार ईएमएम३८६चा. हा प्रोग्रॅम रिकामी दिसणारी जागा स्वतःच्या वापरासाठी घेतो. काही नेटवर्क कार्डांची मेमरी मात्र ड्रायव्हर सुरू झाल्यावरच जागी होते. तोवर ती जागा रिकामीच भासते. उपाय सोपा आहे. कार्डाची मेमरी डी००० पासून १६ केबी असेल, तर कॉन्फिग डॉट सिस फाइलमधील ईएमएम३८६च्या ओळीत ‘एक्स=डी०००-डी३एफएफ’ असे लिहून ती जागा वगळावी. सेटअपमध्ये त्याच भागाचे शॅडो रॅम सुरू असल्यास तेही बंद करावे.

पत्ते वेगळे असूनही गोंधळ होत असेल, तर अनुभवी तंत्रज्ञही चक्रावतात. सोळा बिटी कार्ड आपली रुंदी १२८ केबीच्या संपूर्ण गटासाठी जाहीर करू शकते. सी००० ते डीएफएफएफ हा असाच एक गट. त्यात शेजारी आठ बिटी रॉम असल्यास तो चुकीचा वाचला जातो. तेव्हा सोळा बिटी कार्ड, तशी सोय असल्यास, आठ बिटी पद्धतीवर चालवावे. वेग थोडा घटेल, पण संगणक चालेल.

शोध घेताना वीज बंद करून डिस्प्ले आणि डिस्क नियंत्रक वगळता सर्व कार्डे काढावीत व एकेक करून परत बसवावीत. नेटवर्कवरून संगणक सुरू करायचा नसेल, तर त्या कार्डाचा बूट रॉम बंद ठेवावा. तेवढीच जागा मोकळी होते. जंपरची मूळ स्थिती आधी कागदावर उतरवून घ्यावी आणि तो कागद कॅबिनेटच्या आतच चिकटवावा.