बॅकअपची जागा रिकामी!

"बॅकअप घेतलास का रे?" आई किंवा बाबा सॉफ्टवेअरमध्ये असतील, तर हा प्रश्न तुम्ही घरी ऐकला असेलच. बॅकअप म्हणजे आपल्या कामाची जादा प्रत. पण ती खरंच आहे का, हे कोण बघतं?

गिटलॅब ही अमेरिकेतली कंपनी. वेबसाइट आणि ॲप बनवणारे लोक आपला कोड तिथे ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका इंजिनिअरला एका सर्व्हरवरचा डेटाबेस पुसून पुन्हा भरायचा होता. त्याने कमांड दिली आणि एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, अरे, हा तर मुख्य सर्व्हर! त्याने लगेच थांबवलं, तरी सुमारे ३०० जीबीपैकी फक्त ४.५ जीबी उरलं होतं.

मग बॅकअप? रोज बॅकअप घेणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा होता, म्हणून तो मध्येच बंद पडायचा. तसं कळवणारे ईमेल निघायचे, पण ते कुणाला मिळतच नव्हते. बॅकअपची जागा उघडून बघितली, तर ती चक्क रिकामी!

नशीब असं की, त्याच इंजिनिअरने साधारण सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत काढली होती. तीच वापरली. मधल्या सहा तासांतली नवी खाती आणि प्रतिक्रिया मात्र गेल्या. कंपनीने काही लपवलं नाही. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. मला हे फार आवडलं.

लोकांचा कोड वाचला, कारण तो डेटाबेसमध्ये नव्हता, 'गिट'मध्ये होता. गिट २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी बनवलं. त्यातून प्रकल्प लॅपटॉपवर उतरवला, की कोडबरोबर त्याचा सगळा इतिहासही येतो. आजीच्या लोणच्याची कृती मावशीकडे, आत्याकडे आणि आपल्याकडेही लिहिलेली असावी, तसं. एक वही भिजली तरी कृती जात नाही.

पण जे 'कमिट' केलं नाही, ते गिटमध्ये नसतं. डेटाबेस आणि लोकांनी साइटवर टाकलेले फोटोही सहसा नसतात. त्यांचा बॅकअप वेगळा घ्यायचा, आणि ठेवायचा वेगळ्या खात्यात. २०१४ मध्ये 'कोड स्पेसेस' या कंपनीच्या क्लाउड खात्यात एक चोर शिरला. त्याने आधी पैसे मागितले, मग बहुतेक डेटा आणि बॅकअपही पुसून टाकले. कंपनी बंद पडली.

तुमची साइट असेल, तर या शनिवारी एक रिकामा फोल्डर घ्या. त्यात बॅकअप उतरवा आणि साइट चालू होते का ते बघा. पहिल्या वेळी काहीतरी राहिलेलं निघतंच.