साखर नॉर्मल आली, पुढे?

२६.४ टक्के. वीस वर्षांवरच्या दर शंभर गोवेकरांमागे सव्वीसहून अधिक मधुमेही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' सर्वेक्षणातला हा आकडा जून २०२३ मध्ये 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात छापून आला आणि गोवा देशात पहिला ठरला. एरवी कशातही पहिला नंबर आला की नाक्यानाक्यावर बॅनर लागतात. हा नंबर मात्र कुणी मिरवला नाही. २००८ ते २०२० या काळात ३१ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या १,१३,०४३ लोकांना तपासून हे निष्कर्ष काढले होते. देशाची सरासरी ११.४ टक्के निघाली. पुदुच्चेरी २६.३ आणि केरळ २५.५ वर, म्हणजे गोव्याच्या पाठोपाठच. तळाला उत्तर प्रदेश, ४.८.

हे आकडे राज्यांचे आहेत. गोव्यातल्या डिचोली आणि पेडणे तालुक्यांपुरता अंदाज बांधायचा तर हिशेब आपणच मांडायला हवा. २०११ च्या जनगणनेत डिचोली तालुक्याची लोकसंख्या ९७,९५५ होती आणि पेडण्याची ७५,७४७. त्यातले सत्तर टक्के लोक वीस वर्षांवरचे धरले आणि राज्याची सरासरी लावली, तर डिचोलीत सुमारे १८ हजार आणि पेडण्यात सुमारे १४ हजार मधुमेही होतात. ही वरची मर्यादा समजावी. देशभरात शहरांत १६.४ टक्के आणि गावांत ८.९ टक्के असा फरक आहे, आणि या दोन्ही तालुक्यांत गावे बरीच. पण आकडा निम्म्यावर आणला तरी डिचोलीत नऊ हजार माणसे उरतात. मये, नार्वे, पिळगाव, मुळगाव, कुडणे, कुठल्याही वाड्यावर जा, 'शुगरच्या गोळ्या' चालू नाहीत असे घर शोधावे लागेल.

गोवाच का? थोडे उत्तर वयात आहे. २०११ मध्ये देशात साठीपुढचे लोक साडेआठ टक्क्यांच्या आसपास होते, गोव्यात अकरा टक्क्यांच्या वर. थोडे शहरीकरणात आहे. ६२ टक्के गोवा शहरी म्हणून नोंदला गेला. मधुमेहापाठोपाठ हृदयविकाराची भीती येते, आणि त्याच्या एका कारणाबाबत मात्र गोवा देशाच्या उलट टोकाला आहे. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, गोव्यातले फक्त ९.७ टक्के. म्हणजे हृदयविकाराचा एक मोठा गुन्हेगार इथे तुलनेने दुबळा आहे. बाकीच्यांकडे पाहायला हवे.

मधुमेह झाला की हृदयविकाराचा धोका किती वाढतो? १०२ अभ्यासांतल्या जवळपास सात लाख लोकांची माहिती एकत्र करून २०१० मध्ये उत्तर आले: साधारण दुप्पट. त्याआधी, १९९८ साली, फिनलंडच्या एका अभ्यासाने जगाला घाबरवले होते. सात वर्षांत हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण, आधी झटका न आलेल्या मधुमेहींत २०.२ टक्के आणि आधी झटका आलेल्या बिनमधुमेहींत १८.८ टक्के. म्हणजे मधुमेह झाला की झटका येऊन गेल्यातच जमा, असे डॉक्टर सांगू लागले. पुढे २००९ मध्ये तेरा अभ्यासांतल्या ४५,१०८ रुग्णांचा हिशेब झाला, तेव्हा मधुमेहींचा धोका झटका येऊन गेलेल्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी निघाला. जुने वाक्य अजून शिबिरांच्या भाषणांत ऐकू येते. ते ऐकून घाबरू नये; मात्र 'दुप्पट' हा शब्द हलकाही नाही. त्यातून आपण दक्षिण आशियाई. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात आपल्या भागातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतरांना जवळपास ५९ व्या.

आता या लेखातला मुख्य आकडा: ७.७.

इंडियाबच्याच पथकाने २०२२ मध्ये वेगळा प्रश्न विचारला. ज्यांना आपला मधुमेह आधीपासून ठाऊक आहे, त्यांच्यापैकी किती जणांचे काय आटोक्यात आहे? तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, सातच्या खाली असलेले ३६.३ टक्के निघाले. रक्तदाब १४०/९० च्या खाली असलेले ४८.८ टक्के. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, शंभरच्या खाली असलेले ४१.५ टक्के. आणि तिन्ही एकाच वेळी आटोक्यात असलेले ७.७ टक्के. शंभरात आठसुद्धा नाहीत. शिवाय हे निकष सैल होते. आज मधुमेहींसाठी रक्तदाब १३०/८० आणि एलडीएल ७० च्या खाली ठेवायला सांगतात. तो गज लावला तर हे आठही घटतील.

इथे एक गुणाकार करून पाहण्यासारखा आहे. समजा या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंधच नाही. मग तिन्ही जमलेले लोक किती असतील? ०.३६३ गुणिले ०.४८८ गुणिले ०.४१५. उत्तर येते ७.४ टक्के. प्रत्यक्षात ७.७. जवळजवळ तेच! तिन्ही टक्केवारींमागची माणसे तंतोतंत सारखी नाहीत, त्यामुळे हा ढोबळ हिशेब आहे. पण जे दिसते ते स्पष्ट दिसते. साखर आटोक्यात ठेवणारा माणूस रक्तदाबही आटोक्यात ठेवत असेल, अशी आपली समजूत असते. आकडे म्हणतात, तसे काही नाही. साखर नॉर्मल आली एवढ्यावरून त्या माणसाच्या प्रेशरबद्दल किंवा कोलेस्टेरॉलबद्दल फारसे काहीच कळत नाही.

आपल्याकडच्या एखाद्या मधुमेहीची प्लास्टिकच्या पिशवीतली फाईल उघडून बघा. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, पुन्हा उपाशीपोटीची, वर्षानुवर्षांच्या चिठ्ठ्या स्टेपल करून ठेवलेल्या. मधेच कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शिबिरात बोट टोचून काढलेला आकडा, चौकोनी कागदावर बॉलपेनने लिहिलेला. रक्तदाब लिहिलेला असला तर डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात, वाचता न येईल असा. लिपिड प्रोफाइल एकदा केलेली, तीन वर्षांपूर्वी. लघवीतल्या अल्ब्युमिनचा कागद बहुधा नसतोच. माणूस सांगतो, 'शुगर नॉर्मल आसा.' तो खोटे बोलत नाही. त्याला विचारलेच तेवढे जाते.

आणि हृदयाचा प्रश्न आला की साखरेपेक्षा बाकीच्या दोन गोष्टींचे पारडे जड ठरते. ब्रिटनच्या 'यूकेपीडीएस' या मोठ्या अभ्यासात दहा वर्षे कडक साखरनियंत्रण केले. डोळे आणि किडनीसारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी घटले. हृदयविकाराचे झटके १६ टक्क्यांनी कमी दिसले, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला ते जेमतेम उतरले नाहीत. (दहा वर्षांच्या पुढच्या पाठपुराव्यात मात्र १५ टक्क्यांची घट पक्की ठरली. साखरेचा फायदा उशिरा मिळतो, पण मिळतो.) त्याच अभ्यासात ज्यांचा रक्तदाब सरासरी दहा अंशांनी खाली ठेवला, त्यांच्यात मधुमेहाशी निगडित मृत्यू ३२ टक्क्यांनी आणि पक्षाघात ४४ टक्क्यांनी घटले. साखरेच्या मागे हात धुऊन लागण्यालाही मर्यादा आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या 'अ‍ॅकॉर्ड' चाचणीत एचबीए१सी सहाच्या खाली ढकलण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्या गटात मृत्यू २२ टक्क्यांनी वाढले आणि तो प्रयोग थांबवावा लागला.

कोलेस्टेरॉलचेही तसेच. २००४ च्या 'कार्ड्‌स' चाचणीत हृदयविकार नसलेल्या २,८३८ मधुमेहींपैकी निम्म्यांना रोज १० मिलिग्रॅम अ‍ॅटोरव्हास्टॅटिन दिले, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. फायदा इतका ठळक दिसला की चाचणी ठरल्याच्या दोन वर्षे आधी बंद केली. हृदयविकार, पक्षाघात वगैरे मोठे प्रसंग ३७ टक्क्यांनी घटले. टक्के बाजूला ठेवून माणसांत सांगायचे तर हजार मधुमेहींनी चार वर्षे ही गोळी घेतली की ३७ मोठे प्रसंग टळतात. म्हणून चाळिशीपुढच्या मधुमेहीला, कोलेस्टेरॉलचा आकडा बरा दिसत असला तरी, स्टॅटिन सुचवतात. इथेच आपले लोक अडतात. 'कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, गोळी बंद केली' हे वाक्य डिचोलीच्या कुठल्याही फार्मसीत ऐकायला मिळेल. आकडा गोळीमुळे नॉर्मल आलेला असतो.

रक्तदाबाचे आपल्याकडचे एक खास कारण मे महिन्यात बाजारात मांडलेले दिसते. पावसाळ्याची बेगमी म्हणून पुरुमेंताची खरेदी होते, तेव्हा खारवलेले बांगडे, सुके सुंगट, मिठात घातलेली तोरे, सगळे घरात येते. जून ते ऑगस्ट ताजे मासे महाग आणि थोडे, मग पेजेबरोबर भाजलेले खारे आणि लोणच्याची फोड. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याइतके. मधुमेह्याच्या घरात साखरेच्या डब्यावर पहारा असतो. सुक्या माशांच्या डब्याकडे कुणाचे लक्ष नसते. पेज सोडा असे मी म्हणणार नाही, कुणी ऐकणारही नाही. पण खारे रात्रभर भिजवून पाणी टाकणे आणि फोडीचे माप ठरवणे जमण्यासारखे आहे.

आता तपासणीकडे. मधुमेही माणसाला हृदयाची भीती वाटली की तो म्हापशाला किंवा पणजीला जाऊन 'फुल चेकअप' करतो. पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी, म्हणजे स्ट्रेस टेस्ट, हा त्यातला मानाचा पदार्थ. ती चाचणी किती खरी? अनेक अभ्यासांच्या सरासरीनुसार आजार असलेल्यांपैकी ६८ टक्क्यांना ती पकडते आणि आजार नसलेल्यांपैकी ७७ टक्क्यांना बरोबर निर्दोष ठरवते. छातीत दुखत नाही, दम लागत नाही, अशा एक हजार मधुमेहींना पट्ट्यावर चढवू. त्यांच्यापैकी शंभरांना खरोखर अडथळे आहेत असे धरू. शंभरांतले ६८ सापडतील, ३२ निसटतील. उरलेल्या ९०० निरोग्यांपैकी २०७ जणांना 'पॉझिटिव्ह' असा कागद मिळेल. म्हणजे २७५ पॉझिटिव्ह अहवालांतले २०७ खोटे, चारात तीन. त्यांना अँजिओग्राफीचा सल्ला, झोप उडालेली, घरात रडारड. आणि निसटलेले ३२ जण 'हार्ट क्लिअर' म्हणत घरी येऊन प्रेशरची गोळी विसरणार.

चाचणी अधिक चांगली असली तर? तेही पाहून झाले आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डायॅड' अभ्यासात लक्षणे नसलेल्या १,१२३ मधुमेहींपैकी निम्म्यांची हृदयाच्या रक्तपुरवठ्याची प्रगत स्कॅन तपासणी केली, निम्म्यांची नाही. जवळपास पाच वर्षांत तपासलेल्यांपैकी २.७ टक्क्यांना झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू आला, न तपासलेल्यांपैकी ३.० टक्क्यांना. फरक नाहीच म्हणायचा. २०१४ मध्ये ९०० मधुमेहींवर सीटी अँजिओग्राफीचा प्रयोग झाला: ६.२ विरुद्ध ७.६ टक्के, तोही ठामपणे सांगता येण्याजोगा फरक नव्हता. अडथळा सापडलाच आणि लगेच स्टेंट किंवा बायपास केला तर? स्थिर हृदयविकार असलेल्या २,३६८ मधुमेहींवरच्या 'बारी टूडी' चाचणीत पाच वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटातले ८८.३ टक्के जिवंत होते, औषधांवरच्या गटातले ८७.८. म्हणून लक्षणे नसताना सरसकट स्कॅन करू नका, असे अमेरिकन डायबिटीस असोसिएशन सांगते. दम लागतो, छाती भरून येते किंवा ईसीजीत बदल दिसतो, अशांची गोष्ट अर्थातच वेगळी; त्यांनी तपासणी टाळू नये.

मग स्क्रीनिंग कशाचे? जे स्वस्त आणि कंटाळवाणे आहे त्याचे. प्रत्येक भेटीत रक्तदाब, बसून, पाच मिनिटे थांबून. वर्षातून एकदा लिपिड आणि क्रिएटिनिन. कंबर, पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत. आणि लघवीतले अल्ब्युमिन. ग्रॅमभर क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या वर अल्ब्युमिन गेले की किडनीइतकाच हृदयालाही धोका वाढलेला असतो, कारण दोन्हीकडच्या रक्तवाहिन्यांची अस्तरे एकाच वेळी खराब होत असतात. स्कॅनच्या किमतीत वर्षानुवर्षे होतील अशा या तपासण्या आहेत. यांचा निकाल आल्यावर काही तरी करता येते, हे त्यांचे मोठेपण. २०१५ पासून तर साखरेच्या काही नव्या औषधांनी हृदयालाच आधार दिल्याचे दिसले. हृदयविकार असलेल्या ७,०२० मधुमेहींवरच्या चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिनने हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटवले.

एका बाबतीत मात्र मधुमेह्याने ईसीजीकडे धावत जायला हवे. यूकेपीडीएसमध्ये नव्याने मधुमेह सापडलेल्या सहांपैकी एकाच्या ईसीजीत पूर्वी येऊन गेलेल्या झटक्याची खूण होती, त्या माणसाला कधी कळलेच नव्हते. मधुमेहात नसा बधिर झाल्या की छातीत कळ येत नाही. अचानक घाम फुटणे, कारण नसताना दम लागणे, मळमळ, जबडा किंवा पाठ भरून येणे, एवढेच दिसते, आणि घरात 'गॅस झालाय' म्हणून सोड्याचे पाणी दिले जाते. बायकांच्या बाबतीत तर हे जास्तच घडते. डिचोलीहून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठायला पाऊण तास तरी लागतो, आणि रक्तवाहिनी बंद पडली की हृदयाचे स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतात. हे अंतर कापण्यासाठी २०१८ मध्ये राज्यात 'स्टेमी गोवा' प्रकल्प सुरू झाला. सरकारी केंद्रात काढलेला ईसीजी तिथूनच तज्ज्ञांकडे जातो, मोठा झटका निघाला तर गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेस इंजेक्शन तिथल्या तिथे देतात आणि मग १०८ ची रुग्णवाहिका रुग्णाला घेऊन बांबोळीला निघते. ही सगळी यंत्रणा सुरू व्हायला एकच गोष्ट लागते: घामाने भिजलेल्या माणसाला कुणी तरी पहिल्या तासात केंद्राच्या दारात नेणे. रिक्षाने, शेजाऱ्याच्या गाडीने, जमेल तसे. पण सोड्याचा ग्लास बाजूला ठेवून.