गाडी उभी करायची, पण कशावर?

मागच्या जुलैतली गोष्ट. आमच्या गटातल्या एका ताईंची मोटरसायकल अंगणात साइड स्टँडवर उभी होती. रात्रभर पाऊस झाला, माती भिजली, स्टँडचा पाय रुतत गेला आणि सकाळी गाडी धाडकन आडवी. त्याच जागी त्यांची नात रोज भातुकली मांडते. तेवढ्यात ती चहा प्यायला आत गेली होती, म्हणून निभावलं. १०० सीसीची साधी गाडीसुद्धा ११० किलोच्या आसपास भरते. सिमेंटच्या दोन पोत्यांपेक्षा जास्तच.

साइड स्टँड हा दुकानासमोर पाच मिनिटं थांबण्यापुरता. त्यावर गाडी डावीकडे कललेली असते आणि सगळा भार एका छोट्या पायावर येतो. मातीत लावायचीच असेल तर पायाखाली फरशीचा तुकडा ठेवा. उतारावर गाडीचं तोंड चढाकडे करा आणि पहिला गिअर टाकून ठेवा.

रात्रभर किंवा महिनाभर ठेवायची तर डबल स्टँडच हवा. पण खरी अडचण इथेच आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी गाडी झकास चालवतात आणि डबल स्टँडला लावायला मात्र दिराला हाक मारतात! हे काम ताकदीचं नाही, वजन टाकण्याचं आहे. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, डाव्या बाजूला उभ्या राहा. डावा हात हँडलवर, उजवा मागच्या दांड्याला. उजव्या पायाने स्टँड खाली दाबा. त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकले की नाही ते बघा. मग अंगाचं सगळं वजन त्या पायावर टाका आणि उजव्या हाताने नुसता आधार द्या. गाडी आपोआप मागे सरकून वर चढते. पुढचा ब्रेक दाबून धरलात तर चढणार नाही. साडीचा काठ आधी खोचून घ्या. पहिल्यांदा करताना पलीकडून कुणाला तरी धरायला सांगा.

मुलांच्या काही नव्या गाड्यांना डबल स्टँड नसतोच. त्यांच्यासाठी पॅडॉक स्टँड मिळतो. तो मागच्या चाकाजवळ दोन्ही बाजूंनी पकडून चाक उचलतो. घेताना त्याचा पाया रुंद आहे ना, आकड्यांना रबर आहे ना आणि तो आपल्या गाडीला बसतो ना, हे दुकानातच गाडी लावून बघा. बुलेटसारखी गाडी १९० किलोच्या पुढे जाते, तेव्हा स्टँड किती वजन पेलतो तेही विचारा. विटा रचून किंवा इंजिनखाली दगड लावून गाडी उचलू नका.

चाक अधांतरी असलं की चेन पुसणं, तेल घालणं सोपं जातं. साधारण ५०० किलोमीटरला एकदा ते करावंच. पण इंजिन बंद, चावी काढलेली आणि चाक हाताने फिरवायचं. चालू चेनला फडकं लावलं तर फडक्याबरोबर बोटंही आत जातात.

ऊसतोडीला किंवा माहेरी जाताना गाडी तीन-चार महिने उभी राहणार असेल तर ती डबल स्टँडवर ठेवा. पुढच्या चाकाखाली फळी घाला, दोन्ही चाकांत हवा भरा आणि बॅटरीची वायर काढून ठेवा. घरी कुणी मागे असेल तर पंधरा दिवसांनी पुढचं चाक थोडं फिरवायला सांगा, म्हणजे टायर एकाच जागी दबत नाही.

त्या ताईंनी आता अंगणात चार फरश्या बसवून घेतल्या आहेत. नातीची भातुकली ओट्यावर गेली आहे.