आपला धंदा, आपला निर्णय

स्वतःच्या व्यवसायात माणसाला आधी मिळतो तो निर्णयाचा हक्क. पैसा पुष्कळदा मागून येतो. काय बनवायचे, कोणाला विकायचे, किती काळ धीर धरायचा, हे मालक स्वतः ठरवतो. नोकरीत मात्र कर्तबगार माणसाची वाटही वरिष्ठांच्या मर्जीपाशी अडू शकते. लक्ष्मणराव किर्लोस्करांची तशीच अडली. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. बढतीच्या वेळी त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात भावाच्या सोबतीने चाललेल्या सायकलींच्या दुकानाकडे पूर्ण लक्ष वळवले.

दुकानामागोमाग छोटा कारखाना आला. त्यात कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज असल्याने सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षे लागली. दुसऱ्याच्या कारखान्यात असा न खपणारा माल बहुधा पहिल्या हंगामातच बंद झाला असता. लक्ष्मणरावांना आपल्या नांगराची खात्री होती आणि तो चालू ठेवायला कोणाची परवानगी लागत नव्हती. ही मोकळीक महाग असते. त्या काळातली तंगी मालकालाच सोसावी लागते आणि महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार हाती येत नाही. पण ओतकामात, दुरुस्तीत, गिऱ्हाइकाशी बोलताना जे शिकायला मिळते, ते धंद्याच्या पदरी साचत जाते. नांगर ओतणाऱ्या याच कारखान्याने पुढे पंप आणि इंजिने बनवली.

मालकीचे मोल अडचणीच्या वेळी अधिक कळते. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले आणि 1910 मध्ये कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना हलला. त्याच्याभोवती कामगारांची वसाहत उभी राहिली, तीच किर्लोस्करवाडी. एका माणसाने नोकरी सोडल्यामुळे शेकडो घरांना काम मिळाले, आणि स्वतःच्या धंद्याचा हा लाभ मालकाच्या नफ्याहून मोठा मानायला हवा. वाडीतून ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ ही मासिकेही निघाली. यंत्रांच्या गावात मराठी वाचकांसाठी मासिके काढावीत, हे सुचायला आणि करून दाखवायला मालकाचीच मोकळीक लागते.

वेळेवरचा ताबा हा आणखी एक फायदा आहे. मालकाचे काम कमी नसते, सुरुवातीला तर ते नोकरीपेक्षा जास्तच असते. पण तास त्याला जुळवता येतात. ज्यांना घर सोडून आठ तास बाहेर राहता येत नाही, त्यांना याचे महत्त्व सर्वांत जास्त. 1959 मध्ये गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. तिथे पीठ घरी नेऊन आपल्या सवडीने पापड लाटता येतात, आणि लाटणारी बाई पगारी नोकर नसून संस्थेची भागीदार असते. नफ्यातही तिचा वाटा असतो.

उत्पन्नाचा हिशेबही वेगळा असतो. पगाराला ठरलेली मर्यादा असते. धंद्यात चांगल्या वर्षाचा नफा मालकाचा असतो आणि तो पुन्हा यंत्रात किंवा मालात घालता येतो. दुकानाचे भाडे, वीज, कच्चा माल, मदतनिसांचा पगार हे धंद्याचे खर्च उत्पन्नातून वजा करून उरलेल्या नफ्यावर प्राप्तिकर लागतो. भांडवलासाठी 2015 पासून मुद्रा योजना आहे. तिच्यातून छोट्या व्यावसायिकांना तारणाशिवाय कर्ज मिळते. शिवणयंत्र, पिठाची गिरणी किंवा वडापावची गाडी घेण्याइतकी रक्कम त्यातून उभी करता येते. पुढे धंदा वाढला की तो मुलांच्या हाती देता येतो किंवा विकताही येतो. नोकरी अशी कोणाच्या नावे करता येत नाही.